हंगामातली शेवटची

पाण्याची गोळी मी सकाळी सातला घेते.
पायांत पाणी साचू नये म्हणून.
आठपर्यंत ती कामाला लागते
आणि अख्ख्या मिलवॉकी शहरात
मला फक्त दारं दिसू लागतात.

बागांच्या नकाशात सगळं असतं,
झोपाळे, बदकांचं तळं, कुत्र्यांना मोकळं सोडायची जागा.
कुठल्या दाराला आतून कडी आहे ते नसतं.
ते माझ्या वहीत आहे.

बेसबॉलच्या मैदानामागे: उघडं. कडी नाही. मोठ्यानं गात बसावं.
बोटींच्या धक्क्याशी: साडेनऊनंतर. कागद आपला न्यावा.
टेकडीवरचं: पाटी म्हणते उघडं.
पाटी खोटं बोलते.

बत्तीस वर्षं या शहराची बस चालवली मी.
शेवटच्या थांब्यावर सात मिनिटं मिळायची,
आणि समोर एक पेट्रोल पंप,
ज्याचा मालक मूड असेल तर किल्ली द्यायचा,
लाकडाच्या हातभर ओंडक्याला बांधलेली,
जणू मी ती पळवून नेणार होते.
प्रवासी म्हणायचे, व्हर्लीन फार कमी बोलते.
काय बोलणार?
ओठ सैल सोडले तर बाकीचंही सुटेल
असं वाटायचं.

आता सकाळी तळ्याकाठी माई यिंग भेटते,
ह्मोंग आजी, नातवाची ढकलगाडी घेऊन.
तिचं इंग्रजी चार शब्दांचं, माझं ह्मोंग शून्य.
पण ती लांबूनच हात वर करते.
मूठ घट्ट मिटली, तर बंद.
मनगट वळवलं, किल्ली फिरवल्यासारखं, तर
चल, चल, पाय उचल.
एकदा तिनं दोन्ही हातांनी नाक धरलं.
तेही मी लिहून ठेवलं.

अडलेल्यानं पाय धरावेत म्हणतात.
दाराला पाय नसतात.
कुलूप असतं, आणि कुलपावर
प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद:
थंडीमुळे बंद. एप्रिलमध्ये भेटू.

परवा पंधरा ऑक्टोबर.
कागद कालपर्यंत नव्हता.
मी दारासमोर, गुडघे जुळवून, उभी,
एकाहत्तर वर्षांची,
पहिलीतल्या मुलीसारखी.
मागे पालिकेचा ट्रक, त्यात गुलाबी द्रवाचे कॅन,
आणि क्रिस्पिन वोयचिक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
पाइप गोठून फुटू नयेत म्हणून
आतलं सगळं पाणी काढून टाकायला आलेला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मग गुडघ्यांकडे.
एक अक्षर न बोलता कागद वर उचलला, कुलूप काढलं
आणि सरोवराकडे तोंड करून उभा राहिला,
जणू तिथे काही बुडत होतं.

आत भिंती बर्फासारख्या. खिडकी हाताएवढी.
इतकी शांतता, की मला लाज वाटली;
बाहेर हा माणूस, मध्ये पत्र्याचं एक दार.
आणि तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला.
धडधड धडधड, बदकं उडाली असणार.

पाइपात हवा सोडायला अजून वेळ होता.
नळ उघडे नव्हते, नळी गुंडाळलेलीच होती,
बाहेर आल्यावर मी पाहिलं.
तो आवाज पाइपांसाठी नव्हता.

त्यानं कॉम्प्रेसर बंद केला. हातमोजे चढवले.
"हंगामातली शेवटची," म्हणाला,
आणि आत जाऊन भांड्यात गुलाबी ओतू लागला,
सावकाश,
कुणाच्या तरी पेल्यात सरबत ओतावं तसं.

मी बाकावर बसून वही उघडली.
तळ्याकाठचं: बंद, एप्रिलपर्यंत.
पुढे काहीतरी लिहायचं होतं त्याच्याबद्दल.
सुचेना. मग नुसतं नाव लिहिलं,
जिथे मी वेळा लिहिते त्या रकान्यात.

हिवाळ्याचं पान वेगळं आहे.
धुलाईचं दुकान: दोन कपडे सोबत न्यावेत, संशय येत नाही.
चर्च: रविवारी, पण मग प्रवचन ऐकावं लागतं.
वाचनालय: दहाला. फक्त बुधवारी साडेअकराला.

आज बुधवार.
सव्वादहा झालेत,
आणि गोळीला
पुन्हा माझी आठवण झाली आहे.