चाळीस कट्टे

निपाणीत आमच्या गल्लीला नळ सहाव्या दिवशी.
सुनेनं कोल्हापूरहून गुंडाळून आणलेली हिरवळ
पाडव्याला दारापुढं सतरंजीसारखी अंथरली.
हनुमान जयंतीपर्यंत तिचं गोणपाट झालं.
मी काही बोलले नाही.
गप्प बसायचंही एक वय असतं.

मग कुंपणापलीकडून निंगव्वा म्हणाली,
'नेलहिप्पली लाव की, अक्का.'
तिच्या धुण्याच्या दगडाशी पसरलेली,
आपण जिला जलपिंपळी म्हणतो ती.
नावात जल, आणि पाणी मागायला तोंड नाही.
पाटीभर वेल विळ्यानं कापून
तिनं ओल्या फडक्याखाली झाकून दिली.

एकतीस वर्षं बिड्या वळल्या मी.
दिवसाला हजार, पंचवीसचा कट्टा.
तशीच ओट्यावर बसले, मांडीवर सूप,
आणि कातरीनं कांड्या पाडल्या
दोन-दोन पेरांच्या,
खालची पानं नखानं खुडून.
बोटांनी विचारलं, जर्दा कुठाय?

चाळीस कट्टे भरले.
एकेकीला आडवं निजवलं,
पेरावर चिमूटभर माती,
वरून अंगठा.
आठवडाभर तांब्यातांब्यानं पाणी,
मग तांदूळ धुतलेलं,
मग तेही विसरले.

वैशाखात वखारीच्या पत्र्यावर
कावळासुद्धा पाय टेकत नव्हता,
तेव्हा हिनं पेरापेरातून पांढरे पाय काढले
आणि सरपटत निघाली.
दोन कट्टे छाटात गेले.
कारखान्यात याहून जास्त जायचे,
आणि चांगल्यातले.

श्रावणात अंगण झाकलं.
मार्गशीर्षातही तसंच, शिवरात्रीलाही.
फूल म्हणजे काय, तर काडीपेटीतली काडी:
जांभळा गुल, भोवती बारीक पांढरं कडं.
घासून बघावीशी वाटते.
मधमाश्या असतात म्हणून सून चपला घालून जाते.
मी अनवाणी. अजून एकही डसली नाही,
माझ्या अंगाला तंबाखूचा वास येत असेल.

काल बघितलं तर
वेल कुंपणाखालून निंगव्वाकडं गेलेली,
चांगली वीतभर.
'तुझी आली बघ माघारी,' मी म्हटलं.
ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली,
'बरली, बिडु.'
येऊ दे, सोड.

इतकी वर्षं शेजारी राहून मला कळतं ते.
तरी बिडु ऐकलं
की अंगठा आपोआप वळतो.