बुडबुडा नको

पिएदाद कुंपणापलीकडून म्हणाली,
"बांयच्या उदकाक वास मारता."
मी वाकलो, कळशीत नाक घातलं.
मला काहीच आलं नाही.

एकतीस वर्षं वास्कोच्या टाक्यांवर काढली.
छपरावर चढलं की आधी उघड्या तळव्याने
कठडा धरायचा,
अंगातली वीज लोखंडाला देऊन टाकायची,
मग झाकण. वारा पाठीशी ठेवून.
नायलॉनचा शर्ट नाही, खिशात मोबाइल नाही.
टेपच्या टोकाचं पितळी वजन
तळाला टेकलं की हाताला कळे.
वाफ हवेहून जड, गटारात, खड्ड्यात
काडीची वाट बघत बसून राहते.
आगुस्तीन नव्या पोरांना सांगायचा,
"तिला घाई नसते. तुम्हीही करू नका."

शिसं बंद झालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.
खरंच. सुपरवायझर दुकळ्यांच्या पैशाने.
त्याच्या जागी हे आलं, चार इंग्रजी अक्षरांचं,
दिसायला पाणी,
इंजिनाची खडखड गप्प करणारं.
पेट्रोल सांडलं तर तवंग धरतं,
रंग दाखवून चोरी कबूल करतं.
हे विरघळतं. मातीला चिकटत नाही,
जंतूंनाही लवकर पचत नाही,
पाणी जाईल तिथे पाण्याच्याच पायांनी जातं.
आणि आमचा जांभा!
दगड कसला, भोकांचा गाव.
वर सड्यावर एखाद्या पाइपाला घाम फुटला
तर खाली वाड्यात तो कोणाच्या घागरीत उतरेल
ते देवचारालाही सांगता यायचं नाही.

पिएदादला अक्षरं ठाऊक नाहीत.
ती हुर्राक गाळते, भाटीसमोर बसून
कुठली धार ठेवायची, कुठली ओतून द्यायची
नाकानेच ठरवते.
म्हणाली, टर्पेंटाइनसारखा,
थोरल्याने दारं रंगवली तेव्हा यायचा तसा.
सुनेने शिजलेला भात टाकून दिला.
शेजारी म्हणतात, तुझ्याच हुर्राकाचा असेल.
आणि मी, ज्याला यातलं सगळं माहीत,
कळशी हुंगत राहिलो कुत्र्यासारखा.
माझं नाक कधी गेलं?
कुठल्या टाकीवर विसरून आलो?
पाळी संपली की हात मी याच परसात धुवायचो,
कपडे बायको याच दगडावर आपटायची.
तेवढ्याने विहीर बिघडत नाही, ठाऊक आहे मला.
तरी.

मग जुनी सवय कामाला आली.
तपकिरी काचेच्या कुप्या, हातमोजे.
पोहरा हळू सोडला, पाणी न घुसळता.
कुपी काठोकाठ, ओठावर थेंबाची घुमटी येईस्तो,
झाकण लावून उलटी धरली उजेडात.
बुडबुडा नको. बुडबुडा राहिला
की सगळा वास त्यात जाऊन बसतो
आणि कागदावर पाणी निर्दोष सुटतं.
पिएदाद बघत होती.
"आमच्या उदकाक इतलो मान
केन्नाच कोणें दिवंक ना."

लेबलं कंपनीतली, घरी उरलेली.
छापील रकाना: उत्पादन. मी लिहिलं, पाणी.
पुढचा रकाना: टाकी क्रमांक.
तिथे तिचं पूर्ण नाव लिहायला गेलो,
जागा पुरेना.

बर्फाचा डबा मांडीवर घेऊन पणजीची बस धरली.
कंडक्टरने डब्यावर टिचकी मारली, "नुस्तें?"
मी हो म्हटलं.
शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला
आणि ती खिडकीकडे सरकली.
मला तिचा हेवा वाटला,
पार झुआरीचा पूल येईपर्यंत.