मूठ दोन बोटं वर

खुर्ची डावीकडं ओढतेय, हे मी पहिल्यांदा
टँकरच्या रांगेत बोलले. कुणी ऐकलं नाही.
घागरी आधी.

विडी घरकुलातला आमचा रस्ता
कागदावर डांबरी आहे.
इथं काळी माती, वर मुरूम, मध्ये एक गटार,
ज्यावर फरशी टाकायचं तीन वर्षं ठरतंय.
साध्या खुर्चीची पुढची चाकं रुतून बसायची,
डबक्यातल्या म्हशीगत.
मग ही आली, तीन चाकांची, दोन दांड्यांची.
पुढं ढकल, मागं आण, पुढं ढकल.
पोरं म्हणतात, भूदेवीअक्का नाव वल्हवतेय,
आणि जवळपास नदी नाही.

देणाऱ्यांनी सांगितलं ते एवढंच:
चढाला मूठ वर धर, सपाटीला खाली.
वर धरलीस तर हळू जाशील, पण जाशील.
बाकीचं मला खुर्चीनंच शिकवलं.
कारखान्याला सुट्टी त्या दिवशी
साखळीला मशीनचं तेल, कडी कडी मोजून.
(एकदा खोबरेल घातलेलं. थंडीत गोठलं,
मुंग्या आल्या त्या वेगळ्याच.)
चाकातली माती चमच्यानं खरवडायची.
तो चमचा परत भाजीत जात नाही,
आईला शपथेवर सांगितलंय.
उशीखाली हात फिरवायचा सावकाश:
कमरेच्या खाली टोचलेलं मला कळत नाही,
ते बोटांनी विचारून घ्यावं लागतं.
मे महिन्यात दांड्या म्हणजे तवा.
त्यांना टॉवेलची किनार गुंडाळली,
चार चार वेढे, वरून सुतळी.

तरी डावीकडं.

मल्लेशम येमुल आधी मागांचा जॉबर.
माग भंगारात गेले, पान्हे त्याच्याकडं राहिले,
आता अक्कलकोट रोडला सायकली बघतो.
अंगठ्यानं दोन्ही साखळ्या दाबल्या. सारख्या.
हवा सारखी.
फ्रीव्हील काढून कानाशी फिरवलं,
डावं उजवीकडं घातलं, उजवं डावीकडं,
सूत ताणून चाकांची रेघ धरली,
सुताच्याच गुंत्यानं हात पुसले.
तास गेला. मग स्वतः बसला
आणि विजेच्या खांबापर्यंत गेला सरळ,
ताण्यातल्या धाग्यासारखा.

परत आला. उतरला नाही लगेच.
‘बिड्डा, पानं कुठल्या हातानं कापतीस?’

उजव्या.
बावीस वर्षं, रोजच्या हजार विड्या,
कात्री उजव्या हातात.
डावा नुसता पान धरून बसलेला.

‘कापड तिरकं आलं,’ तो म्हणाला,
‘तर आधी माग बघायचा. मग माणूस.’

मला राग यायला हवा होता.
पण दवाखान्यात, एसटीत, लग्नाच्या मांडवात,
सगळ्यांनी आधी मलाच बघितलेलं,
पायापासून वर.
रस्ता, पायरी, दार, कुणीच तपासलं नाही.
हा एकटा, ज्यानं तासभर
नट नट सोडून
दोष आधी लोखंडात शोधला.

डाव्या दांडीची मूठ त्यानं दोन बोटं वर सरकवली,
स्क्रू आवळला, वर माझीच किनार परत गुंडाळली,
माझ्यापेक्षा बरी.
तेलाचे पैसे घेतले, तासाचे नाही.
म्हणाला, हात भरला की मूठ खाली घ्यायला ये.

आता सरळ जाते.
गटारापर्यंत.