फ आणि स

एकोणतीस वर्षं बार्जच्या पोटात होतो.
आमोण्याहून मुरगाव बंदर, माल उतरवून परत.
इंजिनरूममध्ये कुणी बोलत नसे.
तेल संपलं म्हणजे अंगठा खाली,
जेवण म्हणजे पाच बोटं तोंडाकडे.
कानात कापूस घाला, मालक म्हणायचा.
कापूस देव्हाऱ्यातला, वातींचा. तोच घालायचो.

कान एका दिवसात जात नाहीत.
आधी बारीक आवाज जातात, वरचे,
पोदेराचा भोंपू राहतो, सायकलची घंटी जाते.
मग अक्षरं. स, फ, त.
शेवंतीची एवंती झाली,
मग स्वयंपाकघरातून येणारा नुसता एक जाड स्वर.
मी म्हणायचो, तू पुटपुटतेस.
ती म्हणायची, तू लक्ष देत नाहीस.
तिचं खरं नव्हतं, माझंही नाही.
तिने तिसऱ्या सांगितल्या, मी मिसरी आणली.
पुढे हसून मान हलवायला शिकलो.
मान हलवली की माणसं पुढे जातात.

कायतान धक्क्यावर बसला होता, भिजलेला.
म्हणाला, होडी फुटली.
मी ऐकलं, सुटली.
म्हटलं, बरं झालं, वाराही चांगला आहे.
तो बघत राहिला माझ्याकडे,
मग पायाजवळचं जाळं उचलून गेला.
चार वर्षं त्याच्या घरून फेस्ताची सान्नां आली नाहीत.
का, ते शेवंतीने पाटीवर लिहून सांगितलं.

पणजीला लिझेटने काचेच्या खोलीत बसवलं.
आवाज आला की बटण दाबा.
दाबत होतो, दाबत होतो, मग नुसता बसून राहिलो.
तिला वाटलं, म्हाताऱ्याला झोप लागली.
कागदावर रेघ निघाली: डावीकडे बरी,
उजवीकडे उतरत गेलेली,
ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या दिसतात तशी.
पेन टेकवून म्हणाली, इथे, खाली, स आणि फ.
मशीन आवाज आणून देईल, काका,
तो ओळखायला डोकं वेळ घेईल. काढून ठेवू नका.

पहिल्या दिवशी वर्तमानपत्र पत्र्यासारखं वाजलं.
माझीच चप्पल माझ्या मागे लागली.
शेवंती ओरडली, सवयीने.
मी म्हटलं, हळू.
कढईवरचा तिचा हात तिथेच राहिला.
दिवसभर ती बोललीच नाही,
हळू कसं बोलायचं ते आठवत असेल.

रात्री मशीन भिरंडाच्या जुन्या बरणीत,
सोबत सिलिकाची पुडी. इथली हवा खारट.
मग डोक्यात इंजिन सुरू होतं.
ते कुणी बंद केलंच नव्हतं.

सातव्या आठवड्यात नारिंगी पट्टीची नवी बॅटरी घातली
आणि रायबंदरच्या धक्क्यावर गेलो.
फेरीबोट लागत होती, साखळ्या, स्कूटर, कोळणींची भांडणं,
सगळं एकाच मापाचं, एकदम.
कायतानला म्हटलं, होडीचं पुन्हा सांग.
कुठली होडी?
मग त्याने माझ्या कानाकडे पाहिलं.
फेरी सुटेपर्यंत गप्प बसला.
पाणी निवल्यावर म्हणाला.

फ आला, ओठांवरून, पुरता.
माझ्यापुरती ती होडी
त्या दुपारी फुटली.