फणसाचं स्टूल

बांबोळीच्या तीन नंबरच्या थिएटरात
फणसाच्या लाकडाचं एक स्टूल आहे, दर्पणा.
कुठल्याच नियमात बसत नाही ते.
तरी सिस्टर आग्नेला दर सोमवारी
नव्या प्लास्टिकात गुंडाळून ठेवते.

बाबांनी केलं होतं, बोरीच्या आमच्या पडवीत.
"उंची किती कमी पडते?" एवढंच विचारलं
आणि कानामागची पेन्सिल काढली.
माझ्यासाठी टेबल खाली घ्यायला सर तयार नव्हते.
हाडांच्या कामाला ताकद लागते, म्हणायचे,
तू डोळे घे, लहान मुलं घे,
वेळेवर घरी जाशील.

ताकद!
च्यारी माझं आडनाव.
लाकडाच्या रेषेविरुद्ध गेलं की पैलवानही हरतो,
हे मी सातव्या वर्षी शिकले, रंधा धरून.

वॉर्डात म्हातारे हाक मारायचे,
"सिस्टर, दोतोराक आपय गो."
मी त्यांचीच चादर सरळ करत सांगायची,
हांवूच दोतोर.

दोन खोल्या होत्या कपडे बदलायच्या.
एकीवर पाटी ‘डॉक्टर’, दुसरीवर ‘नर्सेस’.
सतरा वर्षं मी नर्सेसमध्ये बदलले.
अर्धं शास्त्र तिथल्या बाकावर शिकले,
उरलेलं अर्धं शेजारच्या खोलीत ठरायचं
शर्टाची बटणं लावता लावता:
उद्याची मांडी कोण करणार, मणका कोण.

हे सगळं तुला सांगायचं ठरवून ठेवलं होतं.
भाषणच म्हण. स्टूलसकट.
पण तू आलीस खोतीगावहून, माझ्यापेक्षा वीतभर उंच,
स्टूल पायानं बाजूला सारलंस,
आणि माडावरून पडलेल्या त्या रेंदेराच्या मांडीत
सळी अशी उतरवलीस
की माझं भाषण मास्कमध्येच राहिलं.

मग काल रात्र.
पर्वरीच्या अपघातातला पोरगा टेबलावर.
क्ष-किरणाच्या दर फोटोला तू दोन पावलं मागे,
शिशाचा ॲप्रन, पुरुषी मापाचा,
पोटावरून पुन्हा पुन्हा ओढून घेत.
मी पाहिलं.
विचारलं नाही.
कारण मला आनिसिया आठवली.

आनिसिया कुलासो, तुझ्या तीन वर्षं आधीची.
तिनं विचारलं होतं, मॅडम, रात्रीच्या ड्यूट्या थोड्या...
आणि मी, याच कॉरिडॉरमध्ये, हातात चहा,
म्हणाले, मी सातव्या महिन्यापर्यंत उभी होते.
मला नाही दिली कुणी खुर्ची.
अभिमानानं म्हणाले गं.
ती आता मडगावात त्वचेची डॉक्टर आहे.
सुखात आहे, म्हणतात.
हात मात्र हाडांचे होते तिचे.

सरांचा आवाज माझ्या घशातून निघाला होता
आणि मला तो माझाच वाटला.

म्हणून आज भाषण नाही.
सकाळी पत्र दिलं, आवक क्रमांक घेऊन:
लहान मापाचे चार ॲप्रन,
किरणं मोजणारा बिल्ला, प्रत्येकीच्या नावाचा.
शुक्रवारची यादी तुझीच,
रजेआधी तुझी, परतल्यावरही तुझी,
हे वेळापत्रकावर पेननं लिहिलंय,
सगळ्यांदेखत. कुणीतरी खोकलं. खोकू दे.
आणि त्या दोन्ही पाट्या उतरवल्या मी.
स्क्रू इतके गंजलेले,
की घरून बाबांचा पेचकस आणावा लागला.

आता विचारते. कितवा?
नसेल सांगायचं तर नको सांगू.
ते स्टूल तेवढं ओढ इकडे.
बाबांनी उभं राहायला केलं होतं,
पण पाय चारही एका पातळीत आहेत,
बसलेलंही चालतं त्याला.
बस.
पुढचा पेशंट यायला दहा मिनिटं आहेत.