चिऱ्याचा तुकडा

निवळी घाटात चिऱ्यांचा ट्रक आडवा,
सहाशे जांभे चिरे रस्ताभर.
कुणाच्या तरी घराची भिंत
बांधायच्या आधीच पडलेली.
ड्रायव्हरचा पाय मोडला, बाकी शुद्धीवर.
रत्नागिरीला नेताना विचारत होता,
माल किती फुटला?

पहाटेचे चार. मोहोराचा वास, त्यात डिझेल.
मी ट्रककडे नंतर जाते.
आधी वळणाच्या मागे दोनशे पावलं,
शंकू, बॅटरी, लाल कापड.
एक अपघात झालेला असतो,
दुसरा अजून उतारावरून येत असतो.
हे भुवड हवालदारांनी शिकवलं.
त्यांना दुसऱ्यानंच नेलं.

चाकांच्या खुणा खडूनं आखून घेतल्या,
फोटो काढले, मग जैनुद्दीन मुकादमला म्हटलं, लाव साखळी.
डिझेलवर गिरणीतला भुसा, तीन पोती.
रातराणीतले प्रवासी चिरे उचलायला धावले
तर निम्म्यांना परत पाठवलं.
दरीकडे पाठ करून कुणी उभं राहायचं नाही.
मिरकरवाड्याच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी गळत होतं.
"मॅडम, बांगडा हाय, तो थांबत नाय."
त्याला पहिला सोडायचं मी मनात ठरवलं,
तोंडावर मात्र ओरडले.

साडेपाचला एक बाजू मोकळी झाली.
घाटात रेंज नाही,
खालच्या टोकाला होमगार्ड गोताड, दिसत नाही.
मग एक फुटका चिरा घेतला, मुठीएवढा.
वीस गाड्या सोडायच्या,
विसाव्याच्या हातात तो द्यायचा:
"खाली खाकीतला माणूस आहे, त्याला दे."
तुकडा गोताडकडे पोचला की तिकडच्या वीस वर.
त्यांच्या शेवटच्याबरोबर तुकडा परत.
ट्रॅव्हल्सच्या मालकानं तो डॅशबोर्डवर गणपतीशेजारी ठेवला,
एका मुलानं खिडकीतून वास घेऊन दिला.
सात फेऱ्या. एकही गाडी समोरासमोर आली नाही.

ट्रक सरळ उभा राहिला तेव्हा उजाडलं होतं.
काचा मी दोनदा झाडल्या,
दुसऱ्यांदा वाकून, हातानं.
सव्वासातला दोन्ही बाजू सोडल्या
आणि सगळे असे सुटले
जणू इथं काही झालंच नव्हतं.
तेच तर हवं होतं.

तुकडा मात्र परत आला नाही.

आठवड्यानं हातखंब्याच्या नाक्यावर
एक पाववाला स्कूटर लावून उभा राहिला.
पत्र्याची पेटी उघडली,
बटरांच्या खालून काढला, पुडीत बांधलेला.
"त्या दिवशी खाली कुणी मागितलाच नाय.
रस्ता तर मोकळाच होता.
आता ह्यो कुणाला देऊ?"