शंभरपैकी

आमच्या शेडमध्ये सोळा माग होते
आणि सोळा माग चालू असले की
कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.
ओठ बघून बोलायचे सगळे, हात हलवून.
तिथं मी बरा होतो.
तिथं सगळेच माझ्यासारखे होते.

दुपारी लाइट जायची.
ती शांतता मला फार मोठ्यानं ऐकू यायची.
आता कुणीतरी विडी पेटवणार, कुणीतरी विचारणार,
"काय बे अंबादास, लग्नाचं काय करलालास?"
आणि मी मोरीकडं जाणार,
लाइट येईपर्यंत हातच धूत राहणार.

शाळेत हजेरी व्हायची.
'गुंडेटी' यायच्या चार नावं आधीपासून
कानात रक्त वाजायचं.
'हजर'मधला ह छातीतून निघायचा, घशात बसायचा.
घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, वर्गात मराठी.
तीन भाषा, तिन्हींत मुका.
वर्षाखेर निम्मे दिवस गैरहजर लागले.
मी रोज गेलो होतो.
दुसरा बाक, खिडकीकडून.

आई म्हणायची, लाजाळू आहे.
पाहुणे म्हणायचे, शिष्ट आहे.
माग विकले तेव्हा दलाल म्हणाला, गरीब आहे बिचारा,
आणि भाव पाडला.
मी मान हलवली.

सिव्हिलला पहिल्यांदा गेलो
तर शिपायानं नाव पुकारलं
आणि मी खांबामागं सरकलो.
दुसऱ्यांदा सात रस्त्यावरूनच परतलो.
तिसऱ्यांदा बहीण आली, पदर खोचून.
तिनंच ओ दिली.

हत्तुरे मॅडम 'घाबरू नका' म्हणाल्या नाहीत.
वहीत एक रेघ मारली,
ह्या टोकाला शून्य, त्या टोकाला शंभर.
सुट्टे मागणं? चाळीस.
फोन उचलणं? साठ.
पंगतीत बसून आणखी भात मागणं?
मी पेन खाली ठेवलं.

गोळी आधी अर्धी, मग पूर्ण.
तीन आठवडे काहीच नाही, नुसतं तोंड कोरडं.
मग एका रात्री लक्षात आलं,
दिवसभर बोललेली चार वाक्यं
आज मी उसवून बघायला बसलो नव्हतो.

गृहपाठ तिसरा. चाटी गल्ली.
भर बाजारात मुद्दाम चिल्लर सांडायची.
आधी लिहायचं, काय होईल.
लिहिलं: सगळे थांबतील. हसतील.
भीती: पंच्याऐंशी.

सांडली.
एक रुपया लांबपर्यंत घरंगळत गेला,
चादरीच्या दुकानाच्या पायरीला लागून आडवा झाला.
अकरा माणसं होती. मी मोजली.
नऊ जणांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.
एका बाईनं चप्पल उचलून खाली बघितलं, पुढं गेली.
एका म्हाताऱ्यानं कमरेत वाकून
दोनाचं नाणं फुंकर मारून हातात दिलं,
"पैसे सांभाळ की बे."

घरी येऊन लिहिलं: पन्नास.
आणि त्याखाली, मॅडमनी सांगितलं नव्हतं तरी:
बत्तीस वर्षं मला वाटत होतं
अख्खं सोलापूर माझ्याकडं बघतंय.
सोलापूर नळाकडं बघत होतं,
आज पाणी येतंय का उद्या.

बरा झालो असं नाही म्हणत.
फोन अजून तिसऱ्या रिंगला उचलतो,
कधी कधी नाहीच उचलत.
पण परवा भाचीच्या लग्नात
भाताची बादली माझ्यापुढून सरकली
आणि मी म्हणालो, "इकडं... भात."

वाढप्याला ऐकूच गेलं नाही.

हसतील, बघतील, नाव ठेवतील,
सगळं धरून ठेवलं होतं मनात.
हे नव्हतं धरलं.

मग पुन्हा म्हणालो,
सोळा मागांवरून पलीकडं जाईल एवढ्यानं.
अख्खी पंगत वळली.
वाढपी दचकून मागं आला
आणि नको होता तेवढा भात घालून गेला.

तो सगळा खाल्ला.
वहीत आकडा लिहायचा राहिलाय.